जाड फाइल, बारीक फाइल

मला गाडी चालवता येत नाही. एकदा सायकलवर बसले होते, तर भांडुपच्या उतारावर एका म्हशीवर जाऊन आपटले. म्हैस रवंथ करत राहिली, मला तीन टाके पडले. तरीही नऊ वर्षं मी लोकांना कुठली गाडी घ्यावी आणि कुठलीच्या वाटेला जाऊ नये हे सांगत होते, आणि शिकलेसवरलेले लोक मान डोलावून ऐकत होते.

याचं कारण माझी खुर्ची. मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला बाबी मेस्त्रींचं गॅरेज होतं. पत्र्याची लांब शेड, पुढे मोकळं आवार आणि दाराशी एक लाकडी टेबल. त्या टेबलामागे मी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वय बावीस, बी.कॉम. सेकंड क्लास, वेणी कमरेपर्यंत आणि अक्कल वेणीच्या पहिल्या पेडापर्यंत. गॅरेजात बाई म्हणजे तेव्हा नवल. पहिल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं मला बघून पुन्हा बाहेर गेली आणि पाटी वाचून आत आली.

माझं काम जॉबकार्ड लिहिण्याचं. ज्यांचा गॅरेजशी संबंध आला नाही त्यांना सांगते. गाडी आली की तिच्या नावाने एक कार्ड फाडायचं, जसा दवाखान्यात केसपेपर. कार्डाच्या डाव्या बाजूला गिऱ्हाईक काय म्हणतं ते. उजव्या बाजूला मेस्त्रींना काय सापडलं ते. काम झालं की कार्ड त्या गाडीच्या फायलीत. पहिल्याच दिवशी मी डाव्या बाजूला माझ्या शाळेतल्या इंग्रजीत काहीतरी झकपक लिहिलं, तर मेस्त्रींनी कार्ड परत माझ्यापुढे ठेवलं. ते मालवणचे. चाळीस वर्षं मुंबईत राहूनही बोली तसूभर हलली नव्हती.

"गिराईक जा बोलता ताच लिव गो चेडवा. आपलो शाणपणा घालू नको. पोट ज्येचा दुखता, त्येकाच ठाऊक खय दुखता ता."

मग मी जसंच्या तसं लिहू लागले. 'सकाळी खोकते, दुपारी गप्प.' 'ब्रेक मारला की डावीकडे बघते.' घाटकोपरचे एक औषधांचे एजंट होते, त्यांचं कार्ड अजून आठवतं : 'बायको बसली की आवाज येतो, उतरली की बंद.' उजव्या बाजूला मेस्त्रींनी सांगितलेलं मी लिहिलं : 'मागची डावी स्प्रिंग मोडली आहे. बायकोचा दोष नाही.' एजंटांनी ते कार्ड मागून घेतलं आणि घरी नेऊन दाखवलं म्हणे.

आता गाड्यांबद्दल. कंपन्यांची नावं घेत नाही. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायला गुडघे उरलेले नाहीत. त्या काळी आपल्याकडे बनणाऱ्या गाड्या होत्याच किती? एक गोल, पोटुशी बाईसारखी. एक चौकोनी, आटोपशीर. या आमच्या गॅरेजच्या भाषेत 'घरच्या'. आणि बाहेरून आलेल्या, कुणी आखातातून नोकरी संपवून येताना आणलेल्या, कुणी वकिलातीच्या लिलावात घेतलेल्या, त्या 'पाहुण्या'.

घरचीला आणि पाहुणीला मेस्त्री वेगळं वागवत. घरचीचं काम झालं की ते हात धूत. पाहुणीच्या कामाला मात्र आधी हात धूत, नखांतलं ग्रीस काढत, कोरड्या फडक्याने पुसत, आणि मगच बॉनेट उघडत. उघडल्यावर दोन मिनिटं नुसते बघत उभे राहत. मी एकदा विचारलं, "मेस्त्री, काय बघताय एवढं?"

"ज्येना केल्यान, त्येका बघतंय," ते म्हणाले. "बघ, तार कशी बसवल्यान हा. दिसणार नाय थयसुद्धा सरळ."

मीही बघायची. मला तारेतलं काय कळणार! पण पाहुणीचा दरवाजा लावला की 'ठप्' असा मऊ आवाज यायचा, उशीवर डोकं टेकल्यासारखा. घरचीचा दरवाजा लावला की शेजारच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत यायचे. एवढ्यावरूनच माझं मत बनलं होतं. पुराव्याची तेवढी वाट बघत होते.

पुरावा माझ्या मागच्या कपाटातच होता. फायली! घरच्या गाड्यांच्या फायली जाडजूड, दोऱ्याने बांधलेल्या, काहींचे तर दोन-दोन भाग. पाहुण्यांच्या फायलींत एक कार्ड, फार तर दोन. मी बी.कॉम. झालेली मुलगी, आकडे दिसले की हात शिवशिवायचे. दुपारी काम नसताना मी प्रत्येक गाडीची कार्डं मोजली आणि एका मोठ्या कागदावर तीन रंगांच्या शाईत तक्ता काढला. कार्डं कमी म्हणजे बिघाड कमी. बिघाड कमी म्हणजे गाडी भरवशाची. सगळ्यात वर पाहुण्या, त्यांच्याखाली बरीच मोकळी जागा, मग चौकोनी आणि तळाला बिचारी पोटुशी. तक्ता टेबलामागच्या भिंतीवर चिकटवला आणि खाली माझं नाव लिहिलं. नुसतं नाव नाही, नावापुढे पदवीही.

मेस्त्री जेवून आले. तक्त्यापुढे उभे राहिले. वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं.

"कसा आहे?" मी विचारलं.

"अक्षर बरा असा," ते म्हणाले आणि गाडीखाली गेले.

मला वाटलं, भारावले.

त्या तक्त्याने माझा भाव इतका वाढला की विचारू नका. गिऱ्हाइकं गाडी टाकायला आली की तक्त्यापुढे उभी राहत. 'बाई, हिचं काय मत?' मी चष्मा लावायचे. नंबर नव्हता हो चष्म्याला, शोभेचा होता.

आता या सगळ्यात माझ्या डोळ्यांपुढे काय काय घडत होतं आणि मला कसं दिसत नव्हतं, त्याचा हा एक मासला. अंधेरीचे परुळेकर मस्कतहून आले ते लांबलचक पाहुणी घेऊन. तिचं स्टिअरिंग डावीकडे. पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर डावीकडे बसलेल्या परुळेकरांना समोरून येणारं काही दिसायचं नाही, म्हणून उजवीकडे परुळेकर वहिनी बसत आणि डोकं बाहेर काढून हुकूम सोडत : "थांबा! ट्रक आहे. थांबा म्हटलं ना! हं, आता घाला, घाला!" वहिनी म्हणत, "लग्नाला अठरा वर्षं झाली, पण हे माझं ऐकायला लागले ते या गाडीमुळे." त्या गाडीची वहिनींकडची बटणावर चालणारी काच एक दिवस खाली गेली ती वर येईना. मेस्त्रींनी हात धुऊन दार उघडलं, आतली बोटाएवढी मोटर काढली, उलटसुलट बघितली आणि परत ठेवली. "ही जळली. हिची भयण हयसर गावची नाय." वर्षभर त्या गाडीला काचेच्या जागी कॅलेंडरचा पुठ्ठा होता. परुळेकर आग्रा रोडने जाता-येता हाक मारत, पण गाडी टाकायला परत आले नाहीत. कशाला येतील? मोटर मिळणार नव्हतीच. फायलीत एक कार्ड. माझ्या तक्त्यात पहिला नंबर.

आणि मी तो पुठ्ठा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता हो! त्यावर गणपतीचं चित्र होतं, ते छान दिसतंय असंसुद्धा मी वहिनींना म्हणाले होते.

आता खोपकर डॉक्टरांकडे येते. त्यांचं भांडुपला छोटं प्रसूतिगृह. सहा खाटा, दोन आया आणि त्या. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, बोलणं चटचट. त्यांच्याकडे पोटुशी गाडी होती आणि तिची फाइल आमच्या कपाटातली सगळ्यात जाड. महिन्याकाठी एक कार्ड ठरलेलंच. पण ती गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. बाईंच्या प्रसूतिगृहात मोठ्या ऑपरेशनची सोय नव्हती. अडलेली बाई असली की तिला मागच्या लांब सीटवर आडवी निजवून बाई स्वतः घाटकोपरच्या मोठ्या इस्पितळात न्यायच्या. एकदा कांजूरला पंख्याचा पट्टा तुटला, तर मेस्त्रींनी तिथे जाऊन आयाकडचं बँडेज चारपदरी पिळून पट्ट्याच्या जागी बांधलं आणि गाडी घाटकोपरला पोचली. उजव्या बाजूला मी लिहिलं होतं : 'बँडेज बांधले. पेशंट व गाडी दोघी ठीक.'

एक दिवस बाई आल्या आणि टेबलाशी बसल्या.

"सुलभा, एक विचारू? माझ्या पेशंटचा भाऊ परत दुबईला चाललाय. त्याची गाडी देतोय मला. जपानी आहे. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. घेऊ का गं?"

मी चष्मा लावला. तक्त्यावर पट्टी ठेवली. "बाई, हे बघा. तुमची गाडी सगळ्यात तळाला. ही सगळ्यात वर. आकडे खोटं बोलत नाहीत."

"मेस्त्री काय म्हणतात?"

मेस्त्री जॅकपाशी होते. एका हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला. असेच ते इंजिनाचे ठोके ऐकत. त्यांनी कानाची मूठ काढली नाही. "गाडी बरी असा. खूप बरी असा," एवढंच म्हणाले. खोटं नव्हतं ते.

बाईंनी गाडी घेतली. जुनी पोटुशी मेस्त्रींनी सुट्या भागांसाठी ठेवून घेतली, शेडच्या मागे, बदामाच्या झाडाखाली.

आणि खरं सांगते, सात महिने त्या पाहुणीने माझी मान उंच ठेवली. काय गाडी होती! किल्ली फिरवली की सुरू. दुसऱ्यांदा फिरवावी लागली नाही. बाई आवारात आल्या तरी मला कळायचं नाही, इतका आवाज कमी. आयुष्यात इतकी वर्षं यंत्रांच्या शेजारी बसले, तेव्हा सांगायला हरकत नाही : ज्यांनी ती बनवली त्यांना मी आजही हात जोडीन. सात महिन्यांत एक कार्ड, तेही तेल बदलायला.

आठव्या महिन्यात मुलुंड स्टेशनजवळ ती उभी राहिली. चालता चालता बंद. ढकलत आणली. मेस्त्रींनी हात धुतले, पुढचं झाकण उघडलं आणि आतून एक दातेरी रबरी पट्टा बाहेर काढला, मधोमध तुटलेला. हा पट्टा इंजिनाच्या आतल्या भागांना एकमेकांच्या तालावर ठेवतो. पंख्याच्या पट्ट्यासारखा नव्हे, की बँडेज बांधलं आणि निघालो. याला दात असतात आणि दात मोजून असावे लागतात.

"गाडयेचो काय दोष नाय," मेस्त्री म्हणाले. "पट्टो ठरलेल्या मैलाक बदलूक व्हयो. ता तिच्या पुस्तकात लिवलेला असतला. पुस्तक जपानी भाषेत."

पट्टा मुंबईत कुठेच नव्हता. परुळेकरांच्या मस्कतच्या मेहुण्याला पत्र गेलं. तीन आठवड्यांनी कुणाच्या तरी बॅगेतून पट्टा आला. मेस्त्रींनी टेबलावर मांडला, जुन्याशेजारी ठेवला, बोटाने मोजला. दोन दात जास्त. परत पत्र.

पाहुणी आवारात उभी. तिच्या काचेवर धूळ बसली, तिच्यावर कुणीतरी बोटाने बदाम काढला. आणि पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, मी तक्त्याकडे बघत असताना मला ते दिसलं. तक्त्यात ती अजून वरच होती. दोन कार्डं : तेल एकदा, पट्टा एकदा. ती वर्षभर उभी राहिली तरी तिचं तिसरं कार्ड फाडलं जाणार नव्हतं. उभी गाडी कार्ड मागत नाही. परुळेकरांची गाडी, वकिलातीच्या लिलावातली गाडी, सगळ्या बारीक फायली माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यातल्या निम्म्या कुठल्या तरी सोसायटीत कापडाखाली झोपलेल्या होत्या. आणि जाड फायलीतल्या सगळ्या रस्त्यावर.

मी शेडमध्ये गेले. "मेस्त्री, माझा तक्ता चुकलाय."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत हो?"

"तू इचारलंस खय?" ते गाडीखालून म्हणाले. "तू इचारलंस, कसो असा. मी सांगलंय, अक्षर बरा असा." पान्याने एक नट आवळला. मग म्हणाले, "बाईक सांगूक व्हया होता मी. चुकलो."

सांगायला तर मीही हवं होतं. बाई रोज रिक्षाने प्रसूतिगृहात जात होत्या आणि रोज फोन करून विचारत होत्या, "आला का गं पट्टा?" मी रोज म्हणायचे, "येईल बाई दोन दिवसांत." माझं गणित चुकलं हे तीन शब्द काही तोंडातून निघत नव्हते. नावापुढे पदवी लिहिलेली ना!

मग तो दिवस आला. सकाळचे साडेदहा-अकरा. फोन वाजला.

"सुलभा, गाडी झाली?" बाईंचा आवाज नेहमीचा नव्हता.

"नाही बाई. काय झालं?"

"एक बाई आलीय, बाळ आडवं आहे. ऑपरेशनच लागणार. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलीय, तास लागेल म्हणतात. टॅक्सीवाला कळांची बाई घ्यायला तयार नाही, रिक्षात तिला निजवता येत नाही. तासभर थांबायचं नाहीये गं मला. मेस्त्रींना सांग, आवारात जी कुठली चालती गाडी असेल ती पाठवा."

आवारात त्या वेळी चार गाड्या होत्या. एकीचं इंजिन बाहेर, एकीला चाकं नाहीत, एकीचा मालक किल्ली खिशात घालून नाशिकला. चौथी पाहुणी. मी मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी पाहुणीकडे बघितलंही नाही. सरळ बदामाच्या झाडाकडे चालू लागले.

"म्हातारेक उठवूया."

म्हातारी म्हणजे बाईंचीच जुनी पोटुशी. टपावर पानांचा थर, सीटवर मांजर. चाकांत हवा भरली, दुसऱ्या गाडीची बॅटरी काढून हिच्यात टाकली. पण हिचा पेट्रोल पंप मागच्याच आठवड्यात काढून औषधवाल्या एजंटांच्या गाडीला लावला होता. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत चढवणारं कुणी नव्हतंच.

मेस्त्रींनी आजूबाजूला नजर टाकली. मग त्यांनी तेलाचा रिकामा डबा घेतला, त्यात अर्ध्यापर्यंत पेट्रोल ओतलं, बुडाला भोक पाडून सलाइनची नळी बसवली. त्या नळ्या बाईंच्याच दवाखान्यातून आमच्याकडे यायच्या, धुऊन वापरायला. नळीचं दुसरं टोक बॉनेटच्या फटीतून आत, कार्बोरेटरला. होती तेवढी दोरी बॉनेट बांधायला संपली.

"बस पुढे," मला म्हणाले. "डबो खिडकीतून भायर, वर धर. पेट्रोल वरसून खाली येता. तुझो हात खाली इलो, तर गाडी बंद."

"मी?"

"मग काय तुझो तक्तो धरतलो?"

एवढं टाकून बोललेले मला ते एकदाच. त्यांनी समोरून हँडल घातलं आणि फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा म्हातारी असा आवाज करून उठली, की मांजर पुढच्या खिडकीतून माझ्या मांडीवरून गेलं.

प्रसूतिगृहाच्या दारात बाई तयारच होत्या. त्यांनी आपली जुनी गाडी ओळखली. चेहऱ्यावर काय होतं ते बघायला मला वेळ नव्हता. पेशंटला मागे निजवलं, डोकं तिच्या सासूच्या मांडीवर, पायांशी बाई कशाबशा दुमडून बसलेल्या. पेशंटला सलाइन लावलेलं होतं, त्याची बाटली बाईंनी उंच धरली. पुढे मी डबा उंच धरलेला. गाडी निघाली.

सासू म्हणजे भांडुपच्या टेकडीवरची धीराची बाई. कांजूरपर्यंत तिने मला न्याहाळलं. मग विचारलं, "पोरी, हे काय धरलंयस?"

"गाडीचं सलाइन आहे, मावशी."

"बरं बाई. धर घट्ट."

विक्रोळीला गाड्या तुंबल्या होत्या. खांदा जळायला लागला. अर्धा डबा पेट्रोल किती जड असतं ते सरळ हातावर पाच मिनिटं धरून बघा. बाजूच्या ट्रकमधला ड्रायव्हर बिडी ओढत खिडकीतून खाली वाकून बघत होता, की या बाईच्या हातात आहे तरी काय. मी ओरडले, "अहो भाऊ, बिडी विझवा! पेट्रोल आहे पेट्रोल! सगळेच वर जाऊ!" त्याने बिडी विझवली नाही, गिळलीच बहुतेक.

त्या गडबडीत माझा हात वीतभर खाली आला. इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. गाडी हिसके द्यायला लागली आणि मागून पेशंटची किंकाळी आली.

"सुलभा! हात!" बाई ओरडल्या.

मी सीटवर गुडघे टेकून उभी राहिले, कमरेपासून अर्धी खिडकीबाहेर आले आणि दोन्ही हातांनी डबा डोक्यावर धरला. इंजिनाने एक मोठा श्वास घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा चालू लागलं. मेस्त्रींनी रस्त्यावरची नजर न काढता डॅशबोर्डवर थापटलं, बैलाच्या पाठीवर थापटतात तसं. "चल गो बाये. चल."

तिने नेलं. मार्केटच्या गर्दीतून, हातगाड्यांमधून, सबंध रस्त्याला शिव्या दिल्यासारखा आवाज करत, पण एकदाही न थांबता नेलं. ज्या गाडीला मी तीन रंगांच्या शाईत तळाला टाकलं होतं तिने.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसून होतो, मेस्त्री आणि मी. माझ्या पदराला पेट्रोलचा वास येत होता. मेस्त्रींनी कुठून तरी चहा आणला आणि कप माझ्या तोंडाला धरला, कारण मला तो धरता येत नव्हता. तासाभराने बाई बाहेर आल्या. साडीची इस्त्री पार गेलेली.

"मुलगी आहे. दोघी ठीक."

मेस्त्रींनी हात जोडून कपाळाला लावले आणि गाडीकडे गेले. मी उठून उभी राहिले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"बाई, माझं गणित चुकलं होतं. तक्ता चूक होता. ज्या गाड्या उभ्या राहतात त्यांची कार्डंच होत नाहीत, आणि मी त्यांना भरवशाच्या समजले. तुम्ही माझ्यामुळे ती गाडी घेतलीत. आज काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं."

बाई माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या, पण भलतंच.

"मी प्रॅक्टिस सुरू केली ना, तेव्हा पहिली दोन वर्षं असंच समजत होते. जी बाई परत आली नाही, ती बरी झाली. केसपेपर एकच, म्हणजे माझं औषध लागू पडलं. काय खूश असायचे मी स्वतःवर! मग एकीच्या घरी सहज गेले." ती कोण आणि तिचं काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही; मीही विचारलं नाही. "त्यामुळे तुझा तक्ता बघताक्षणी मला कळलं होतं चूक कुठे आहे ती."

"मग घेतलीत कशाला ती गाडी?"

डॉक्टर खोपकर, भांडुपमधल्या अर्ध्या मुलांना जगात आणणारी बाई, चक्क लाजली.

"अगं, तिचं दार लावल्यावर आवाज येत नव्हता गं. ठप् व्हायचं नुसतं. मला हवीच होती ती. कुणीतरी 'घ्या' म्हणायला पाहिजे होतं, तू म्हणालीस."

म्हणजे बघा. इतके दिवस मी ज्या अपराधाच्या ओझ्याने वाकले होते, तो अपराधही पुरता माझा नव्हता. माझं कुणी इतकं ऐकत होतं, हाही माझा गैरसमजच.

खाली मेस्त्रींनी बॉनेट पुन्हा घट्ट बांधलं होतं, डब्यात पुन्हा पेट्रोल भरलं होतं. आम्ही आलो तशी मी सवयीने पुढचं दार उघडलं. माझे हात खांद्यापासून लोंबत होते.

"तू मागे बस," बाई म्हणाल्या आणि पुढे जाऊन बसल्या. "दे तो डबा इकडे."

"बाई, नको. मी धरते. तुम्ही दमलाय."

"डॉक्टरीणबाई, थांबा, खयसून दोरी बघतंय," मेस्त्री म्हणाले.

"दोरी काय करायचीय? गाडी माझी, पेशंट माझी, डबा मी धरणार. चला मेस्त्री."

मेस्त्रींनी हँडल मारलं. म्हातारी उठली. मी मागच्या लांब सीटवर एकटीच, शेटाणीसारखी पाय पसरून बसले. बाईंनी पदर खोचला, कोपर खिडकीवर टेकवलं आणि डबा वर उचलला. आयुष्यभर बाटल्या उंच धरलेला हात, कुठे हलेना.

विक्रोळीच्या सिग्नलला गाडी थांबली. फुटपाथवरून एक माणूस लगबगीने पुढे आला. कडेवर वर्षा-दीड वर्षाचं मूल. डब्याकडे, नळीकडे, बांधलेल्या बॉनेटकडे त्याने एकदाही बघितलं नाही. "डॉक्टर, ओळखलंत का? हा तुमच्याकडचाच," म्हणाला आणि मुलाचे हात धरून नमस्कार करायला लावला.

"दात किती आले?" बाईंनी विचारलं, आणि दुसरा हात बाहेर काढून मुलाचा ओठ वर केला, मोजायला.

डबा होता तिथेच होता.